मनाली ते लेह सायकलवरून : सामान स्वतः वाहावे की गाडीत टाकावे?

रानवारा

नमस्कार. पुढच्या जुलैमध्ये आम्ही चार मित्र मनालीहून रोहतांगमार्गे लेहला सायकलने जाण्याचा बेत आखत आहोत. आम्ही सारे पुण्याचे आहोत. सिंहगड, ताम्हिणी आणि वरंध घाट आमच्या पायांखालचे आहेत, परंतु मुक्कामाचे पूर्ण सामान सायकलवर लादून चढ चढण्याचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नाही.

आमच्यात दोन मते पडली आहेत. दोघांचे म्हणणे असे की तंबू, कपडे आणि स्वयंपाकाचे साहित्य घेऊन एक गाडी बरोबर ठेवावी आणि सायकली मोकळ्या चालवाव्यात, कारण उंचीवर आधी श्वास सांभाळायचा असतो. मला आणि चौथ्या मित्राला मात्र विंचवासारखे आपले बिऱ्हाड आपल्याच पाठीवर असावे असे मनापासून वाटते. गाडी सोबत असली की मुक्काम कुठे करायचा हे गाडी ठरवते, आणि मग सायकलने जाण्यातला मोकळेपणा उरत नाही.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. स्वतः वाहायचे झाल्यास प्रत्येकी किती वजन असावे? चौघांत ते कसे वाटावे? आणि चौघांचा चढावरचा वेग निरनिराळा असताना एकत्र कसे राहावे?

घाटमाथा

रानवारा, तुम्ही आणि मित्र अजून दोन पक्षांत आहात तोवरच प्रश्न विचारलात हे उत्तम केलेत.

आधी रस्त्याविषयी लिहितो. सह्याद्रीत सराव केलेल्या माणसाला हा रस्ता पायांनी हरवत नाही. मनाली साधारण २०५० मीटरवर आहे, रोहतांग ३९७८ मीटरवर, आणि दोहोंमधले अंतर ५१ किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ चार टक्क्यांच्याही आत आहे. सिंहगडाचा गाडीरस्ता याहून कितीतरी उभा आहे. सीमा रस्ते संघटनेने हा मार्ग लष्कराचे भरलेले ट्रक चढतील अशा बेताने आखलेला असल्यामुळे सर्चूपुढची २१ वळणांची गाटा लूप्ससुद्धा पायांना अंगावर येत नाहीत. खरा प्रश्न हवेचा आहे. तंगलंग ला ही खिंड ५३२८ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. घरी ज्या गिअरमध्ये गप्पा मारत चढता, त्याच गिअरमध्ये तेथे दर दोनशे मीटरवर थांबून दम घ्यावा लागतो.

आता ओझ्याचा हिशेब पाहू. चढावरची मेहनत एकूण वजनाच्या प्रमाणात वाढते. माणूस ७० किलो आणि सायकल १५ किलो धरली तर ८५ किलो होतात. त्यावर २० किलो सामान आले की मेहनत जवळपास एक चतुर्थांशाने वाढली. हेच सामान १२ किलोवर आणले तर वाढ १४ टक्क्यांवर येते. या मार्गावर पांग, सर्चू, भरतपूर, झिंगझिंगबार येथे हंगामात तंबूंचे ढाबे असतात आणि झोपायला गादी-रजई मिळते. त्यामुळे तंबू व स्टोव्ह न नेता १२ किलोंत भागवणे सहज शक्य आहे. तंबू न्यायचाच असेल तर दोघांत एक न्यावा.

हंगामाविषयीही एक सूचना करतो. जुलैत मनाली ते रोहतांग हा भाग ऐन पावसाळ्यात असतो, दरडी कोसळतात आणि पुढे बर्फ वितळून नाल्यांना पाणी जास्त असते. ऑगस्टची अखेर किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मिळाला तर पाहा. रात्री अधिक थंड असतील, परंतु नाले उतरलेले असतील.

नाशिककर

घाटमाथा यांचा हिशेब बरोबर आहे, तरीही माझे मत गाडीच्या बाजूने आहे आणि ते मी ठामपणे मांडतो. पहिल्यांदा जाणाऱ्या, उंचीचा अनुभव नसलेल्या चार जणांनी गाडीशिवाय जाऊ नये. एखाद्याला रात्री दोन वाजता धाप लागली तर ढाब्यावरच्या माणसाला उठवून वाहन शोधणे आणि आपले वाहन दाराशी उभे असणे यांत फार मोठा फरक आहे. मोकळेपणाची किंमत मित्राच्या प्रकृतीने चुकवू नये. सामान स्वतः वाहण्याची इतकीच हौस असेल तर पॅनियर (कॅरिअरला टांगायच्या पिशव्या) सायकलला लावा आणि गाडी मोकळी येऊ द्या, पण येऊ द्या.

मोकळी वाट

नाशिककर, तुमची काळजी रास्त आहे, पण गाडीमुळे धोका कमीच होतो हे मला मान्य नाही. गाडीचे भाडे दिवसावर असते, चालकाला परतीची घाई असते, आणि दिवस वाढवण्याचा प्रत्येक निर्णय पैशांचा निर्णय बनतो. वाटेतल्या जिस्प्याला एक दिवस जास्त थांबावे असे शरीर सांगत असताना गट पुढे निघतो, तो बहुतेक वेळा ठरलेले वेळापत्रक आणि थांबलेली गाडी यांमुळेच. ज्यांचे सामान स्वतःच्या चाकांवर आहे ते सावकाश जातात, आणि या रस्त्यावर सावकाश जाणे हेच पहिले औषध आहे.

शिवाय रस्ता निर्मनुष्य नाही. ट्रक, लष्कराचे ताफे, पर्यटकांच्या गाड्या दिवसभर चालू असतात. अडचणीतल्या सायकलस्वाराला पाहून ट्रकचालक न थांबता पुढे गेला, असे त्या रस्त्यावर मी कधी पाहिलेले नाही.

आरोग्यम्

मी भूलशास्त्राचा डॉक्टर आहे आणि या मार्गाने सायकलने गेलो आहे, म्हणून दोन्ही बाजूंना एक गोष्ट नकाशावर दाखवतो, जी या चर्चेत अजून आलेली नाही.

उंचीचा त्रास वाढला की खाली उतरणे हाच उपाय असतो. परंतु सर्चू (सुमारे ४२९० मीटर) हे बारालाचा ला (४८९० मीटर) आणि लाचुंग ला (५०६० मीटर) यांच्या मध्ये अडकलेले आहे. पांग तर लाचुंग ला आणि तंगलंग ला यांच्या मध्ये आहे. या दोन ठिकाणांहून कोणत्याही दिशेने खाली जायचे तरी आधी वर चढून खिंड ओलांडावी लागते. गाडी असली तरी ती त्या आजारी माणसाला प्रथम आणखी उंच नेणार. म्हणून सगळी काळजी बारालाचाच्या अलीकडे घ्यायची असते, केलाँग, जिस्पा आणि दारचा या ३१०० ते ३४०० मीटरच्या टप्प्यात.

साधारण नियम असा आहे की ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. जिस्प्याहून थेट झिंगझिंगबारला मुक्काम केल्यास एका दिवसात हजाराहून अधिक मीटर वाढतात. मधे पात्सिओच्या परिसरात, ३८०० मीटरच्या आसपास एक मुक्काम करा. सायकलस्वार गाडीवाल्यांपेक्षा सुदैवी असतो, कारण त्याचा वेगच त्याला हळूहळू वर नेतो. पण ओझे हलके असलेल्या तगड्या तरुणांना नेमका येथे मोह होतो आणि दोन मुक्कामांचे अंतर ते एका दिवसात काटतात. तंदुरुस्तीमुळे उंचीच्या आजारापासून संरक्षण मिळत नाही, हे कृपया चौघांनीही लक्षात ठेवावे.

लक्षणांविषयी थोडक्यात लिहितो. डोकेदुखी, मळमळ आणि भूक मेल्यासारखी वाटणे हा इशारा समजावा आणि त्या दिवशी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे व खोकला येणे, किंवा बोलण्यात गोंधळ होणे व तोल जाणे, ही आणीबाणी आहे. संशय आला तर मित्राला एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावत दहा पावले सरळ रेषेत चालायला सांगा. ते जमले नाही तर सकाळची वाट पाहू नका. उंचीच्या त्रासासाठीची अॅसिटाझोलामाइडची गोळी घ्यावी की नाही हे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी हे विशेषकरून विचारावे. गोळी चालू असताना बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, तेव्हा त्यामुळे घाबरून जाऊ नये.

सातपुडा

आरोग्यम्, सर्चू आणि पांगविषयीचा मुद्दा वाचून मी नकाशा पुन्हा काढून पाहिला. मनःपूर्वक आभार.

छत्तीस आरे

सायकलींविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि लांबच्या सफरींहून परतलेल्या सायकली माझ्याकडे येतात. त्यांत मागच्या चाकाचे, चेनच्या बाजूचे स्पोक तुटलेले असणे ही सर्वांत नेहमीची तक्रार असते. कारण सरळ आहे. गिअरला जागा देण्यासाठी त्या बाजूचे स्पोक अधिक उभे आणि अधिक ताणलेले असतात, माणसाचे बरेचसे वजन आधीच मागे असते आणि दोन्ही पॅनियरही मागेच टांगलेले असतात. चाके ३६ स्पोकची असावीत, निघण्यापूर्वी ताण तपासून घ्यावा आणि नेमक्या लांबीचे चार-पाच स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून न्यावेत. चेनच्या बाजूचा स्पोक बदलायचा तर कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच, काढावी लागते. तिची चावी आणि चेनव्हिप (कॅसेट फिरू न देणारे हत्यार) हे चौघांत एकदाच असले तरी चालते. ती कोणाच्या पिशवीत आहे हे मात्र सर्वांना ठाऊक असले पाहिजे.

सर्वांत सोपा गिअर किती सोपा हवा, हेही सांगतो. पुढे २२ दात्यांची आणि मागे ३४ दात्यांची चकती असेल, चाक २६ इंची असेल आणि पॅडल मिनिटाला ६० वेळा फिरवलेत, तर वेग ताशी पावणेपाच किलोमीटरच्या जवळ येतो. म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. वाचायला हा वेग फार कमी वाटेल, पण तंगलंग लाच्या शेवटच्या चढावर तो हवाच. रस्त्याच्या शर्यतीची सायकल या कामाची नाही.

शक्य असल्यास चौघांच्या चाकांचा आकार आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह एकसारखा असू द्या. मग एकाची ट्यूब दुसऱ्याला चालते आणि सुट्या भागांचे वजन निम्म्यावर येते.

नाल्यांविषयी एक अनुभव सांगतो. बर्फाचे पाणी दुपारनंतर चढते, म्हणून नाला नेहमी सकाळी ओलांडावा. आम्ही एका नाल्यापाशी चारच्या सुमारास पोहोचलो तेव्हा पाणी पोटरीच्या वर होते आणि तळाचे गोटे पायाखाली फिरत होते. आमच्यातला सर्वांत उंच मित्र सँडल घालून मध्यावर पाय रोवून उभा राहिला, आम्ही पॅनियर एकेक करून काढले आणि हातोहात पलीकडे दिले. शेवटी सायकली नेल्या, एकेका सायकलीला दोघे, आणि धरताना प्रवाहाच्या वरच्या बाजूला माणूस व खालच्या बाजूला सायकल, म्हणजे सायकल ओढली गेली तरी माणूस तिच्याखाली जात नाही. पलीकडे गेल्यावर पायांची बोटे आपली आहेत की नाहीत हे हाताने चाचपून पाहावे लागत होते. भरलेले पॅनियर तसेच ठेवून पाण्यात शिरू नका. पाणी त्या पिशव्यांना धक्का देते आणि हँडल हातातून सुटते.

शिधोरी

खाण्याविषयी लिहिते. रोहतांगपर्यंतच्या एका चढावर १०५ किलो वजन १९०० मीटर वर नेण्यातच साधारण दोन हजार कॅलरी खर्च होतात, दिवसाच्या नेहमीच्या गरजेव्यतिरिक्त. दुसरीकडे उंचीवर भूक मरते. म्हणून जे घरी आवडते तेच थोडे बरोबर ठेवावे. सातूचे पीठ हे माझ्या मते या सफरीसाठीच निर्माण झाले असावे. गूळ आणि गरम पाणी मिळाले की दोन मिनिटांत पोटभर खाणे होते. शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि मेतकुटाची लहान पुडीही न्यावी. ढाब्यावर राजमा-भात, थुक्पा, मॅगी आणि अंडी मिळतात. पांगच्या तंबूत गरम भातावर मेतकूट आणि लेहच्या बाजारातून आलेले लोणी घालून मी जेवले आहे, आणि ढाबेवाल्या ताईंनीही आवडीने चव घेतली होती.

स्वयंपाक स्वतः करणार असाल तर हे ध्यानात असू द्या की सर्चूच्या उंचीवर पाणी ८५-८६ अंशांनाच उकळते. डाळ-तांदूळ साध्या भांड्यात नीट शिजत नाहीत, म्हणून तेथील प्रत्येक तंबूत कुकर असतो. गॅसचे डबे विमानाने नेता येत नाहीत, ते मनालीत घ्यावे लागतात आणि लेहहून परतताना तेथेच सोडावे लागतात. या सगळ्या कटकटींमुळे मीही घाटमाथा यांच्याप्रमाणे स्टोव्ह न नेण्याच्या बाजूची आहे.

सातपुडा

सातूच्या पिठाला माझे पूर्ण अनुमोदन. घरून निघतानाच त्यात वेलची आणि मीठ मिसळून ठेवावे.

रानवारा

इतक्या मनापासून लिहिलेल्या प्रतिसादांसाठी सर्वांचे आभार. तंबू आणि स्टोव्ह न नेण्याचे आमच्यात एकमताने ठरले आहे आणि तारखा सप्टेंबरवर नेण्याचा प्रयत्न चालू आहे. माझा तिसरा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. आमच्यातला एक जण चढावर इतरांच्या बराच पुढे असतो आणि एक जण नेहमी मागे राहतो. मागच्याला आपण सर्वांना अडकवून ठेवतो असे वाटते आणि पुढच्याला थांबून थांबून थंडी वाजते.

मोकळी वाट

रानवारा, माझ्या मते तुमच्या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. यावर थोडे सविस्तर लिहितो.

चढावर कोणीही दुसऱ्याच्या वेगाने जाऊ नये. मागच्याने पुढच्याला गाठायचा प्रयत्न केला तर तो तासाभरात संपतो, आणि पुढच्याने मुद्दाम हळू चालवले तर त्याचाही ताल बिघडतो. म्हणून प्रत्येकाने आपापल्या श्वासाने चढावे, पण भेटीच्या जागा सकाळीच ठरवाव्यात. पूल, ढाबा, गाव किंवा किलोमीटरचा दगड अशी चुकणार नाही अशी जागा असावी. पुढच्याने त्या जागेच्या पलीकडे एक पॅडलही मारू नये. खिंडीच्या माथ्यावर भेटायचे ठरवू नका. माथ्यावर वारा असतो, घाम अंगातच गार होतो, आणि पहिला पोहोचलेला माणूस शेवटचा येईपर्यंत कुडकुडतो. अलीकडचा ढाबा किंवा पलीकडच्या उतारावरचे पहिले आडोशाचे वळण बरे. उतरण्यापूर्वी वाऱ्याला अडवणारे जाकीट आणि जाड हातमोजे चढवायचे, मग ऊन असले तरीही.

हत्यारे आणि पंप सर्वांत शेवटच्या माणसाच्या आदल्याकडे असावेत. शेवटचा माणूस दमलेला असतो, त्याच्यावर ते वजन नको. सर्वांत पुढच्याकडे दिल्यास ते गरजेच्या वेळी दहा किलोमीटर पुढे गेलेले असते.

आता वजनाच्या वाटणीविषयी. सामाईक सामान वाटा, जीवनावश्यक सामान वाटू नका. औषधांची मुख्य पेटी, सुटे भाग हे चौघांत विभागावे. ज्याचे पाय बळकट त्याने दोन किलो जास्त घेतले तर वेगातला फरकही आपोआप कमी होतो. परंतु उबदार कपडे, झोपण्याची पिशवी, दोन वेळचे खाणे, पाणी आणि दिवा हे प्रत्येकाच्या स्वतःच्या सायकलवर असलेच पाहिजे. मोरेच्या पठारावर दुपारचा समोरून येणारा वारा सुटला की चौघांमधले अंतर सहज दोन तासांचे होते. त्या वेळी ज्याचे जाकीट मित्राच्या पॅनियरमध्ये आहे, त्याच्यापाशी काहीच नाही असे समजावे.

आणि एक गोष्ट पुण्यातच, एकत्र बसून ठरवावी. एकाला माघारी जावे लागले तर त्याच्याबरोबर कोण जाईल? हा प्रश्न ४३०० मीटरवर, डोके दुखत असताना, लेह चार दिवसांवर आले असताना विचारला तर चांगल्या मैत्रीलाही तडा जातो. आमच्या गटात आम्ही आधीच क्रम लावला होता आणि तो लिहून सर्वांच्या घरी दिला होता. ज्याचे नाव पहिले होते त्याने प्रत्यक्षात जिस्प्याहून एका मित्राला घेऊन मनाली गाठली. त्याला वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी कोणाला कोणाकडे पाहत बसावे लागले नाही, त्याने न बोलता पॅनियर ट्रकमध्ये चढवले. पुढच्या हंगामात आम्ही सर्व जण त्या दोघांसाठी पुन्हा गेलो.

नाशिककर

मोकळी वाट, तुमचा हा प्रतिसाद वाचून मी माझ्या मताचा एक भाग मागे घेतो. गाडी घाई करायला लावते हे मान्य. पण दुसरा भाग कायम ठेवतो, की परतीच्या वाहनाची तजवीज नशिबावर सोडू नये. रानवारा यांनी मनाली आणि केलाँग येथील टॅक्सीचालकांचे क्रमांक आधीच घेऊन ठेवावेत आणि त्यासाठीचे पैसे सामाईक खर्चातून बाजूला काढून रोख स्वरूपात बरोबर ठेवावेत. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड सिमकार्ड दोघांकडे तरी असावे, आणि दारच्याच्या पुढे बऱ्याच लांबपर्यंत तेही मुके राहील हे घरच्यांना सांगून निघावे, म्हणजे ते घाबरणार नाहीत.

आरोग्यम्

नाशिककर यांच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा. क्रमात एक दुरुस्ती सुचवतो. आजारी माणसाला आपण आजारी आहोत हे अनेकदा कळत नाही आणि कळले तरी तो मान्य करत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवू नये. चौघांपैकी कोणत्याही एकाने 'आज वर जायचे नाही' असे म्हटले की त्यावर वाद घालायचा नाही, असे आधीच ठरवून टाका.

रानवारा

काल रात्री चौघे बसलो आणि आरोग्यम् यांची दुरुस्ती धरून सगळे कागदावर उतरवले. गाडी घेणार नाही. प्रत्येकी सामान १२ किलोंच्या आत ठेवू. केलाँग आणि जिस्पा येथे मिळून तीन रात्री, त्यानंतर पात्सिओ. माघारी जाणाऱ्याबरोबर पहिला क्रमांक माझा आहे, तो मी स्वतःहून मागून घेतला, कारण ही सफर काढली मी. गाडीच्या बाजूचे दोघे यावर राजी झाले ते नाशिककर यांच्या टॅक्सीच्या सूचनेमुळे, हे आवर्जून सांगतो.

आता भरलेल्या सायकलवर सराव कुठे करावा एवढेच विचारायचे आहे.

घाटमाथा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर करा. सुमारे ४० किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीच्या आसपासून साडेतेराशे मीटरच्या जवळ चढता, त्यामुळे रोहतांगच्या दिवसाची पायांना चांगली कल्पना येते. लेहला नेणार तेच सामान, त्याच पिशव्यांत, त्याच वजनाचे घेऊन जा. दुसऱ्या दिवशी पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरा आणि उतारावर मधे थांबून रिमला किंवा डिस्कला लगेच हात न लावता तिची उष्णता जवळून अजमावा, ब्रेक किती तापतात ते कळेल. वाईत पोहोचल्यावर कॅरिअरचे सगळे स्क्रू तपासा. जे सैल झाले असतील त्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा आणि त्याच मापाचे दोन-दोन जादा स्क्रू हत्यारांच्या पिशवीत टाका.

छत्तीस आरे

त्याच वेळी ब्रेकपॅडही पाहा. अर्धे झिजले असतील तर निघण्यापूर्वी नवे बसवा आणि जुने टाकून न देता सुटे म्हणून बरोबर न्या.